भाजावळीमुळे जग तापतंय का?

देवगड तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"शिमग्याला मुलगा मुंबईहून आला. त्याच दिवशी सासरे मळ्यात तरव्याची भाजावळ करत होते, म्हणजे भाताची रोपं करायच्या वाफ्यावर पाला-शेण जाळत होते. मुलगा चारचौघांसमोर म्हणाला, 'आजोबा, तुमच्या या धुरानेच जग तापतंय आणि आपले आंबे जातायत.' सासरे म्हणाले, 'पालो जाळलो म्हणान जग तापता? ऋतू काय आताच बदलतत?' तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. मला दोघांचंही थोडं पटतं, थोडं पटत नाही. यंदा कलमांना मोहोर दोनदा आला आणि पहिली फळं गळून गेली. आंघोळीच्या पाण्यासाठी मी अजून चूल पेटवते, ती बंद करू का? सगळे सांगतात झाडं लावा, प्लॅस्टिक टाळा. एवढ्याने भागणार आहे का? खरं कारण काय आणि आमच्यासारख्या घराने करायचं काय? ओझोनला भोक पडलंय म्हणतात, त्यामुळे तर हे होत नाही ना?"

ताई,

जग तापतंय आणि ते माणसाच्या कामांमुळे तापतंय, हे तुमच्या मुलाचं म्हणणं खरं आहे. पण त्याने बोट दाखवलं ते भलत्याच माणसाकडे. तुमच्या सासऱ्यांच्या वाट्याला या तापण्याचा दोष फार थोडा येतो, आणि त्याची झळ मात्र त्यांच्या बागेला पुरेपूर बसते. हे मुलाला नीट समजलं तर अर्धं भांडण मिटेल, म्हणून जरा मुळापासून सांगते.

कलमबागेत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. आकाश निरभ्र असलं की पहाटे दव पडतं, गारवा उतरतो आणि मोहोर धरायची आशा वाटते. ढग आले की रात्र उबट जाते आणि बागायतदाराला तुडतुड्यांची काळजी लागते. दिवसभर उन्हाने तापलेली जमीन रात्री ती उष्णता आकाशाकडे सोडते. ढग आणि हवेतली वाफ त्यातली बरीचशी अडवून पुन्हा खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइड वायू हेच काम करतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही आणि वाऱ्याने पांगून नाहीसा होत नाही. हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड असणं गरजेचंच आहे, नाहीतर पृथ्वी गोठली असती. प्रश्न त्याच्या वाढत्या प्रमाणाचा आहे. दोनेकशे वर्षांपूर्वी, कोळशावर कारखाने चालायला लागायच्या आधी, हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ४२० च्या वर गेले आहेत. हा शोध काही कालपरवाचा नाही. कोळसा जाळत राहिलो तर पृथ्वी तापेल, याचं गणित स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्येच मांडलं होतं.

आता भाजावळीकडे येऊ, कारण तुमच्या घरातलं भांडण तिथेच अडलंय.

सासरे जे शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या) आणि पातेरा (गळलेला पाला) जाळतात, त्यातला कार्बन कुठून आला? गेल्या एकदोन वर्षांत झाडांनी आणि गवताने तो हवेतूनच घेतला होता. जाळला काय किंवा कुजला काय, तो हवेत परत जाणार आणि येत्या पावसाळ्यात नवी पालवी तो पुन्हा ओढून घेणार. तुम्ही बचत गटात असाल तर हे लगेच कळेल. सभासदांचा पैसा आपसात कितीही फिरला तरी गटातली एकूण रक्कम तेवढीच राहते. बाहेरून बँकेचं कर्ज आलं की मात्र ती वाढते. कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू हे असं बाहेरून आलेलं आहे. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून असलेला कार्बन आपण वर काढतो आणि जाळतो. तो परत खाली लवकर जात नाही. काही झाडं घेतात, काही समुद्र घेतो, आणि निम्म्याच्या आसपास हवेत साठत जातो, तिथे तो शेकडो वर्षं राहतो. जगभरात दर वर्षी असा सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ज्वालामुखींचं नाव बरेच जण घेतात, पण सगळे ज्वालामुखी मिळून याच्या एक टक्काही सोडत नाहीत. हवेत वाढलेला कार्बन जमिनीखालचाच आहे, हेही तपासता येतं. जिवंत झाडापाल्यात कार्बन-१४ नावाचा प्रकार थोडासा असतो, जुन्या कोळशात आणि खनिज तेलात तो अजिबात उरलेला नसतो. हवेतलं त्याचं प्रमाण जीवाश्म इंधनांमुळे पातळ होत गेल्याचं शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकातच दाखवलं.

म्हणजे भाजावळ निर्दोष का? तसंही मी म्हणणार नाही. धुरातली काजळी आणि थोडा मिथेन वायू काही प्रमाणात उष्णता वाढवतात. पण माझी मोठी तक्रार दुसरी आहे. भाजावळीची ठिणगी उडून वणवा लागतो आणि वर्षानुवर्षं सांभाळलेली काजूची नि आंब्याची झाडं एका दुपारी होरपळतात. शिवाय जो पाला मातीत जायचा तो राख होतो आणि कवळासाठी झाडं बोडकी होतात. चारसूत्री भातलागवड तुमच्या सासऱ्यांनी ऐकली असेल. तिच्यात रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळायची, खाचरात गिरिपुष्पाचा पाला गाडायचा, नेमक्या अंतरावर लावणी करायची आणि युरिया-डीएपी खताच्या गोळ्या (ब्रिकेट) मातीत खोचायच्या, अशी चार कामं आहेत. ब्रिकेटमुळे युरिया वाहून जात नाही आणि त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइडही घटतो. हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट तापवणारा आहे. तालुक्याच्या कृषी सहायकाला बोलावून यंदा एका वाफ्यावर करून बघा. सासऱ्यांना "जाळू नका" असं सांगण्यापेक्षा "एक वाफा असा करून बघूया का?" असं विचारलंत तर ते ऐकतील, असं मला वाटतं.

चुलीचं उत्तरही असंच. पडलेला लाकूडफाटा, नारळाच्या झावळ्या, सोडणं यांवर पाणी तापवलंत तर जग तापवल्याचं पाप तुम्हाला नाही. पण तो धूर तुमच्या छातीत जातो, आणि त्यासाठी मात्र चूल कमी करा. जेवण गॅसवर करत असाल तर तेच चालू ठेवा. गॅस हेही जमिनीखालचंच इंधन आहे, एका सिलिंडरमागे चाळीसेक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तरीही बाईच्या फुफ्फुसांच्या किमतीवर हे वाचवावं, असं मी कुणालाही सांगणार नाही. गोठ्यात दोन-तीन गुरं असतील तर छोटा गोबरगॅस बसवा. तुमच्या सिंधुदुर्गात तो वर्षानुवर्षं चालवणारी घरं आहेत, एखाद्या ठिकाणी स्वतः जाऊन बघून या. त्यातून उरणारी शेणाची पातळ स्लरी कलमांना घालता येते, हा वरचा फायदा.

सासऱ्यांचा दुसरा मुद्दा, ऋतू पूर्वीही बदलायचे. बदलायचे, खरं आहे. पण शेवटच्या हिमयुगातून बाहेर येताना पृथ्वी सुमारे पाच अंशांनी तापली, त्याला हजारो वर्षं लागली. आता एका अंशाहून जास्त वाढ दीडशे वर्षांत झाली, त्यातलीही बरीचशी गेल्या पन्नास वर्षांत. २०२४ हे साल तर औद्योगिक काळाच्या आधीच्या मानाने दीड अंशाच्या वर गेलं. सूर्य जास्त तापला म्हणावं तर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजत आहेत, तिच्यात अशी वाढ दिसत नाही. शिवाय सूर्यामुळे असतं तर हवेचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतोय. उष्णता खाली अडकली की असंच होणार.

तुमच्या आंब्याबद्दल मी जपून बोलेन. एका हंगामातल्या पुनर्मोहराचं खापर थेट जागतिक तापमानवाढीवर फोडता येत नाही. फळं धरल्यावर गारवा पुन्हा आला की कलम पुन्हा मोहरतं आणि नव्या मोहोराच्या ओढीने आधीची कैरी गळते, हे पूर्वीही व्हायचं. पण थंडी उशिरा येणं, मध्येच पाऊस, मार्चमध्ये अचानक चटका, असा हंगामाचा विसकटलेला क्रम आता वारंवार दिसतो, आणि हापूस अशा बाबतीत फार हळवा. फळाच्या आतला गर बिघडतो त्या साक्याचाही जास्त उष्णतेशी संबंध आहे.

समुद्राबद्दल मात्र ठामपणे सांगता येतं. वाढलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्के समुद्राने पोटात घेतली आहे. अरबी समुद्र तापलाय, त्याच्यावरची चक्रीवादळं गेल्या काही दशकांत वाढली आहेत आणि जास्त दिवस टिकतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते तुमच्या किनाऱ्याला घासून गेलं, ऐन आंब्याच्या दिवसांत. पोफळ लावल्यापासून धरायला लागेपर्यंत किती वर्षं जातात, हे कोकणातल्या माणसाला ठाऊक आहे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेत डोंगर खाली आला. त्या दुर्घटनांना भरती, धरणाचं पाणी, डोंगरउतार अशी आणखी कारणं होती. तरी तापलेल्या हवेत अशा पावसाची शक्यता वाढते, एवढं नक्की. समुद्राची पातळी १९०० पासून सरासरी वीसेक सेंटीमीटर वर आली आहे. खाडीकाठच्या विहिरींना आणि खारभूमीच्या बांधांना तेवढंही जड जातं.

आता, करायचं काय?

आधी एक हिशेब डोक्यात ठेवा. भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला चौदा टनांच्या आसपास. गावात राहून शेती करणारे तुमचे सासरे या दोन टनांच्याही खाली असणार. पण भारत हा एकूण उत्सर्जनात चीन आणि अमेरिकेनंतर तिसरा आहे, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा कोळशावरच्या विजेचा. म्हणून घरातली पहिली नजर वीजबिलावर जाऊ द्या. आपल्याकडे ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो.

छतावरचा सोलर हा माझ्या मते कोकणातल्या घराला सध्या करता येण्याजोगा सर्वांत मोठा बदल आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किलोवॉट किंवा जास्त असेल तर ७८,००० रुपये अनुदान आहे. तीन किलोवॉटचा संच वर्षभरात अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचवेल. घराचा वापर कमी असेल तर एक-दोन किलोवॉटवर थांबा, उगाच मोठा घेऊ नका. पावसाळ्यात वीज कमी तयार होणार हे गृहीत धरा. नेट मीटर असेल तर उन्हाळ्यातली जास्तीची वीज हिशेबात जमा होते, त्यामुळे वर्षाचा हिशेब बघा, जुलैचा नको. किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. तुमचं घर कौलारू असेल तर कौलांवर सांगाडा ठोकू देऊ नका, गळतीने हैराण व्हाल. पडवीचा किंवा न्हाणीघराचा स्लॅब असेल तर तो वापरा, नाहीतर खळ्याच्या कडेला जमिनीत खांब पुरून सांगाडा उभा करा. आणि बसवणाऱ्याला वाऱ्याचा भार लिहून द्यायला सांगा. गंजरोधक लोखंड आणि स्टीलचे बोल्ट यांवर दोन पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या, किनाऱ्यावरची खारी हवा साधं लोखंड फार लवकर खाते. बागेला पाणी विजेच्या किंवा डिझेलच्या पंपाने देत असाल तर सौर कृषी पंपाच्या योजनेत शेतकऱ्याला दहा टक्केच रक्कम भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातींना पाच.

प्रवासाचं तुमच्या मुलाने स्वतः मोजावं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मुंबईहून देवगडला एकटा कारने आला तर एका खेपेत तीसेक लिटर, म्हणजे सत्तर किलोच्या आसपास. कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये झालं, कणकवलीला उतरून एसटीने घरी आला तर याचा लहानसा भाग होईल. गणपतीला तिकीट मिळत नाही, मान्य. पण तो एसी किती तास लावतो, गाडी कितीदा काढतो, हे मोजल्यावर आजोबांच्या वाफ्याकडे तो वेगळ्या नजरेने बघेल.

झाडं लावा म्हणतात, त्याबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे. आपल्याकडे डोंगर बहुतेक खासगी मालकीचे. पोरांच्या शिक्षणासाठी, लग्नासाठी पैसा लागला की लाकडाचा व्यापारी येतो, करवती लागतात आणि ऐन, किंजळ, जांभा ही सगळी झाडं ट्रकात भरून जातात. त्या झाडांत साठलेला कार्बन हवेत जातो आणि पावसात डोंगराची माती खाली येते. मग पाच जूनला शंभर रोपं लावून फोटो निघतात, मे महिन्यापर्यंत त्यातली किती जगतात हे कुणी बघत नाही. तुमच्या कुटुंबाचा असा काही डोंगर असेल तर तो न विकणं हे हजार रोपांपेक्षा मोठं काम आहे. भावकीत हे बोलायला अवघड आहे, पण बोला. गावाची देवराई असेल तर तिच्याभोवती फेब्रुवारीत वणवा अडवणारी जाळरेषा काढून घ्या. आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खड्डे मारून झाडं लावायचा बेत कुणी काढला तर थांबवा. सडा ओसाड नसतो, पावसाळ्यात तिथे उगवणारी फुलं आणि गवतं तिथलीच असतात, काही सड्यांवर कातळशिल्पं आहेत.

खाडीकाठी राहत असाल तर कांदळवन सांभाळा. चिपी-तिवरांच्या मुळांखालच्या चिखलात जमिनीवरच्या जंगलापेक्षा कितीतरी जास्त कार्बन दडलेला असतो, शिवाय वादळात लाटांचा जोर तीच झाडं घेतात आणि कोळंबी-माशांची पिल्लं तिथेच वाढतात. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली, त्याभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखून ठेवला. कुणी भराव टाकताना दिसला तर तलाठ्याकडे आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार करा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात आणि त्यावर कमावतात. तुमच्या गटाला जमण्यासारखं आहे.

प्लॅस्टिक टाळा, खाडीसाठी आणि गुरांच्या पोटासाठी जरूर टाळा. तापमानवाढीतला त्याचा वाटा वीज आणि इंधनाच्या मानाने लहान आहे, त्यामुळे पिशवी बदलून काम झालं असं मानू नका.

एकट्या घराने भागणार नाही, हे तुम्हीच पत्रात ओळखलंय. कोळशाऐवजी सूर्य-वाऱ्याची वीज, एसटीला विजेच्या गाड्या, किनाऱ्यावर काय उभं राहावं नि काय नाही, हे निर्णय सरकार घेतं. म्हणून ग्रामसभेला जा. पाणीपुरवठ्याच्या पंपावर आणि शाळेवर सोलर बसवण्याचा ठराव मांडा, राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात ग्रामपंचायतीला अशा कामांचे गुण मिळतात. मत मागायला येतील त्यांना डोंगरतोडीबद्दल आणि विजेबद्दल विचारा. बायकांनी मिळून विचारलेला प्रश्न टाळणं पुढाऱ्याला जड जातं.

त्या दोघांचं कसं जुळवायचं? मुलाला आजोबांची माफी मागायला लावा, तीही चारचौघांत, कारण बोलला चारचौघांत. मग दोघांना मिळून एक काम द्या. कलमांना पालवी कधी फुटली, मोहोर कधी आला, पहिला पाऊस कधी पडला, वळीव किती झाले, हे आजोबांनी सांगावं आणि त्याने वर्षवार लिहून काढावं. त्यांना जेवढं आठवतं तेवढं. अशी नोंद विद्यापीठातल्या माणसांनाही हवी असते आणि फळपीक विम्याच्या वेळी तुम्हालाही उपयोगी पडेल.

राहिला ओझोनचा प्रश्न. नाही, त्या भोकामुळे जग तापत नाही. ओझोनचा थर सूर्याची अतिनील किरणं अडवतो, तो विरळ झाला फ्रिज आणि स्प्रेमधल्या वायूंमुळे. १९८७ च्या माँट्रियल करारात देशांनी ते वायू बंद करायचं ठरवलं, पाळलंही, आणि थर हळूहळू भरून येतोय. देशांनी एकत्र येऊन हवेचं बिघडलेलं दुरुस्त केल्याचं हे उदाहरण मुलाला जरूर सांगा. पण त्या वायूंच्या जागी जे आले त्यातले काही फार तापवणारे निघाले. जुन्या फ्रिजमधला आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त तापवतो. त्यामुळे फ्रिज किंवा एसी दुरुस्त करणारा गॅस हवेत सोडून देत असेल तर त्याला थांबवा आणि तो सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा. नवा फ्रिज घ्याल तेव्हा मागच्या पट्टीवर आर-६००ए लिहिलेलं आहे ना, ते बघूनच पैसे द्या.